रुक्मिणीकाकूंची पाहुणी

रुक्मिणीकाकूंच्या घरातून फोडणीचा वास आला नाही, की आमच्या हर्सूलच्या कॉलनीला कळायचं, तिथं कुणाला तरी कांजिण्या आल्या आहेत. कांजिण्या म्हणजे काकूंच्या लेखी पाहुणी. ती घरात असेतो कढईत तेल नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, आणि बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत मज्जाव. हाच मान त्यांनी एकदा मेंदूतल्या गाठीवरच्या उपचारालाही दिला.

दुष्काळाचं वर्ष होतं. जळगाव रोडला नव्या इमारती उठत होत्या आणि आम्ही टँकरची वाट बघत होतो. काकूंचा एकुलता एक मुलगा प्रकाश वाळूजच्या कारखान्यात कामाला. त्याच्या मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. गाठ पुन्हा वाढली. मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालू होती, तिथं त्याला घेतलं. शेजारी म्हणून मी सोबत गेलो होतो, डॉक्टरांनी मला यशाचं प्रमाण सांगितलं. ते फारसं नव्हतं. आकडा लपवणं मला जमत नाही, म्हणून मी काकूंकडे गेलो.

"आकडा तुमच्याजवळ ठिवा, भाऊ," त्या म्हणाल्या. "मला येवढंच सांगा, माझ्या आधी तर नाय ना जायचा?"

मी उपचारच समजावून सांगितला. विषाणूची रोग पसरवायची ताकद काढून घेतात, त्याच्यात एक जनुक घालतात आणि तो गाठीत सोडतात. मग गोळ्या देतात. ते औषध जनुक पोचलेल्या पेशींतच विष बनतं.

"म्हंजी चोराच्या घरात आपला माणूस घुसवायचा," काकू म्हणाल्या. "पर विषाणू म्हंजी कांजिण्यावानीच ना?"

"तसाच एक प्रकार," मी म्हणालो. तिथंच चुकलो.

उपचार घेऊन प्रकाश घरी आला आणि दाराला डहाळा लागला. सिल्लोडहून त्याचे मामा भेटायला आले. काकू दारात आडव्या.

"माघारी जा, दादा. घरात पाहुणी हाय."

"कोण पाहुणी?"

"मुंबईहून आलीय. प्रकाशच्या डोक्यात उतरलीय."

आतून प्रकाश ओरडला, "मामा, जाऊ नका! लई दिवस झाले, निदान भजी तरी आणा!"

"गप ऱ्हा. तिला तेलाचा वास चालत नाय."

मी काकूंना सांगितलं, हा विषाणू प्रयोगशाळेत बनवलेला आहे, त्याला कसला मानपान! "बनू दे कुठं बी," त्या म्हणाल्या, "ऱ्हायला तर आपल्याकडंच आलाय ना?" शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला. ते खूप हसले. म्हणाले, "फोडणी खुशाल द्या. पण पाहुणे काही दिवस नकोतच."

"बघा, निम्मं माझं बी खरं निघालं," काकू म्हणाल्या. फोडणी दिली नाहीच.

पुढच्या तपासणीत गाठ लहान झालेली दिसली. मी तो अहवाल दोनदा वाचला. त्यानंतर ती वाढली नाही. बरा झाला, असं डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत. सध्या थांबली आहे, एवढंच म्हणायचे.

"थांबली ना? मंग बास," काकू म्हणायच्या.

काही वर्षांनी काकू झोपेतच गेल्या, प्रकाशच्या आधी. चांगल्या पिकल्या वयाच्या होत्या. अंत्ययात्रेत मडकं धरून प्रकाश पुढे चालत होता. डावा पाय जरा ओढत होता. मी मडकं घेऊ का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाला. मामा माझ्या शेजारून चालत होते. प्रकाशच्या पाठीकडे बघत ते हळूच म्हणाले, "सख्खी बहीण गेली, भाऊ. आन् मला रडू का येईना?"

मलाही येत नव्हतं.