कमानीच्या बांबूतली माशी

“येणारच! न येऊन सांगतोय कोणाला?” असं म्हणून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि परत वर बघत बसायचे. वर म्हणजे आमच्या नवरात्राच्या मंडपाच्या कमानीकडे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या गल्लीतलं मंडळ छोटंसंच, आणि मंडप उभारायचं काम माझ्याकडे. सर राहायचे वर्तकनगरला, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या रचून ठेवलेल्या बांबूंपैकी एकात त्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, मधमाशीच्या कुळातली रानमाशी घर करताना दिसलेली. “ही अजून जगात कोणी नोंदवलेली नाही,” म्हणाले. मी मनात म्हटलं, गेली केस! पण त्यांनी पुस्तकं पालथी घालून खात्री केलेली. माद्या मिळालेल्या, नर मिळत नव्हता. आणि नर हातात आल्याशिवाय ते वर्णन छापायला तयार नव्हते. अर्धवट काम त्यांना खपायचंच नाही.

नेमका तोच बांबू मी कमानीला ठोकलेला!

“सर, आता काढला तर अख्खी कमान खाली येईल हो,” मी हात जोडले.

“काढतोस कशाला? पिल्लं आत आहेत. आधी नरच बाहेर पडतात. मी बसतो.”

बसले की खरंच! घटस्थापनेपासून रोज सकाळी खुर्ची टाकून, मांडीवर जाळी घेऊन. देवाधर्माशी काडीचा संबंध नसलेला माणूस. बायकांना काय माहीत? “केवढी भक्ती!” म्हणत त्या हातावर प्रसाद ठेवून जायच्या. सर खडीसाखर चघळत म्हणायचे, “माझी भक्ती त्या बांबूवर आहे, बाई.”

दसऱ्यानंतर मंडप उतरणार, ठोकाठोकीत आतलं घर मोडणार. नवमी उजाडली तरी नराचा पत्ता नाही. मी दिवस मोजतोय, सर मजेत.

आरती ऐन रंगात आलेली आणि सर ताडकन उठले. नर! भुर्रकन खाली आला आणि बसला कुठे, तर देवीच्या गळ्यातल्या हारावर, झेंडूत तोंड खुपसून. सरांची जाळी वर गेली.

“अहो, देवीच्या अंगावरनं उचलून मारणार?” कोणीतरी ओरडलं. आरती थांबली. सरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी जाळी खाली घेतली. “नाही. इथे नाही,” म्हणाले. मला रडूच आलं.

आमचे गुरुजी सोवळ्याओवळ्यात भलते कडक. त्यांनी तबक ठेवलं, अलगद हार उतरवला, माशीसकट, आणि सरांपुढे धरला.

“घ्या. प्रसादाला नाही म्हणू नये.”

सरांनी हाराखाली जाळी धरली, माशीचा झेंडू आत घेतला आणि झटकन जाळीचं तोंड आवळलं.

वर्णन छापून आलं. नमुना कोणी पकडला तेही त्यात द्यायचं असतं. सरांनी गुरुजींचं नाव दिलं. “मी पकडलाच नाही, तर माझं कसं देऊ?”

पुढे काही वर्षांनी सर गेले. कुठलेच विधी नकोत, असं बजावून गेलेले. आम्ही वर्तकनगरला पोचलो तर गुरुजी आधीच येऊन बसलेले. “गुरुजी, काहीतरी म्हणा ना,” कोणीतरी म्हणालं.

“त्यांना नको होतं,” गुरुजी म्हणाले, आणि खांदा द्यायला उठले. स्मशानापर्यंत त्यांनी ओठ उघडले नाहीत. मी शेजारीच चालत होतो, म्हणून सांगतो.