न लावलेला गंधार
डांबरगोळ्यांचा वास आला की मुलुंडच्या घरातली तानपुऱ्याची गवसणी आठवते. संधिवाताने आईची बोटं आखडली, तानपुरा जुळवता येईना, म्हणून तिने गाणंच सोडलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीने तिच्यासाठी फोनवर वाजणारा तानपुरा बनवला. तो ऐकून आई म्हणाली, "पेटीसारखा वाजतोय गं." मग बहिणीने पेटीच्या मापाचा, किंचित उतरलेला पंचम काढून षड्जाच्या नेमक्या दीडपट कंपनांचा पंचम टाकला आणि पुन्हा ऐकवला. सकाळचं दूध तापवणारी आई थबकली. "यात गंधार कशाला घातलास?" "नाही घातला गं आई. तारा जुळल्या, तो आपोआप उमटला." आईने गॅस बंद केला आणि सा लावला. बहीण आता पवईच्या ऑफिसात काय बनवते, मला ओ की ठो कळत नाही. त्या सकाळी तिने काय बनवलं, ते मात्र मी रोज ऐकते.