गोंड्यांवर माशी आली नाही

राहुरीच्या बाजूला आमची थोडी बागायत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा कांद्याचं बी घरीच धरायची पद्धत होती. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे. माघात त्यांना पांढरे गोंडे यायचे आणि त्यांतच पुढे बी भरायचं. फुलोऱ्यात उन्हं चढली, मधमाश्या आल्या की सासूबाई मला त्या वावरात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. "माश्या कामाला लागल्यात, आता तिथं आपलं काय काम न्हाई," म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी गोंडे नेहमीसारखेच उमलले. मोतीबिंदूमुळे सासूबाईंना दिसायचं कमी झालं होतं. बांधावर बसल्या बसल्या त्यांनी मला हाक मारली, "अगं, आज माशी न्हाई आली व्हय?"

मी आत शिरून पाहिलं. दोन-चार मुंगळे सोडले तर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. खुरपायला बाया मिळेनात म्हणून बांधावर मीच पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारत होते. दगडीपाला, रानतुळस, तरवड, माश्यांना एरवी पोसणारं सगळं वाळून गेलं. बांध कसा स्वच्छ दिसतो म्हणून मला बरंही वाटलं होतं. शिवाय आदल्या फुलोऱ्यात कीड दिसली, तर भर सकाळी औषध फवारलं. माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारावं हे माहीत होतं. पण संध्याकाळी गाईंच्या धारा असतात, सवड काढली नाही.

मग जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे हाताला गुंडाळून आम्ही दोघी सऱ्यांमधून फिरू लागलो. एका गोंड्यावरून हात फिरवायचा, तसाच पुढच्यावरून. माश्यांचं काम दोन बाया करत होत्या. सासूबाई चाचपडत चालायच्या. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

शेवटी ह्यांनी ओळखीच्या माणसाकडून मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. "शेजारी फवारणी असंल तर आधी कळवा, पेट्या बंद कराव्या लागतील," त्याने बजावलं होतं. शेजारचं वावर चुलत दिरांचं. मी त्यांच्याकडे गेले.

"भावजी, आठ दिवस थांबता का?"

"वहिनी, माझा कांदा गेला तर तुमी भरून देनार हाय का?"

"निदान उन्हं कलल्यावर मारा. न्हाईतर सांगून मारा."

"बघतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर दूध घालून येईपर्यंत त्यांची फवारणी उरकली होती. दुपारी पेट्यांपुढे माश्यांचा सडा पडला. काहींचे पाय अजून हलत होते. त्या उचलून मी सावलीत ठेवल्या, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही. दिरांचा संताप आला, भांडायला म्हणून निघालेही. अर्ध्या वाटेवर थांबले. आदल्या वर्षी मी तरी कुणाला विचारून फवारलं होतं?

चैत्रात गोंडे चोळून उपणले तेव्हा बहुतेक सगळं बी पोकळ निघून भुसकटाबरोबर उडालं. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा दुकानातून बी आणलं.

बांधावर मी आता तणनाशक मारत नाही, हाताने उपटते तेवढंच. पण बियाण्याचा नाद ह्यांनी सोडला. "ऊस लावू. उसाला माशी लागत न्हाई," म्हणाले. मी हो म्हटलं. त्या वावरात आज ऊस उभा आहे. पाणी पुरेना म्हणून यंदा नवी बोअर घेतली.

गेल्या आठवड्यात चुलत दीर ओट्यावर येऊन बसले. त्यांची विहीर फाल्गुनातच तळाला गेली होती. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, बोअर किती खोल नेली?"

मी खरं ते सांगितलं, त्यांच्या विहिरीच्या तळाच्या कितीतरी खाली. ते चपला घालून निघून गेले.