अर्धी यादी

तय्यबसारखा बेचैन माणूस अख्ख्या लातुरात सापडायचा न्हाई. ट्यूशन एरियात आमचं दोघांचं नेटचं दुकान. मी फॉर्म भरतो, तो प्रोग्राम लिहितो. पोरांचा नंबर टाकला की त्याचा प्रोग्राम सर्व्हरकडून निवडयादी मागवतो आणि त्यात नाव शोधून देतो. उत्तर केवढं येणार, हे सर्व्हर आधीच सांगतो. तेवढं आलं न्हाई की खाली लाल ओळ उमटते, ‘उत्तर अपुरं’, म्हंजे यादी अर्धीच आली. गर्दीच्या दिवशी ती दहादा उमटणार आणि हा बाबा दहादा परत मागवणार, पाय हलवत. मी लई वैतागायचो.

"कशाला डोक्याला ताप करून घ्यायलास? लोकांना नाव हाय का न्हाई एवढंच पाहिजे!"

मेडिकलची यादी लागली त्या दुपारी तय्यब नमाजला गेलता. किनवटची धम्मप्रिया आली. हॉस्टेलवर राहून तिसऱ्यांदा परीक्षा दिलेली पोरगी. नंबर टाकला, नाव न्हाई. खाली लाल ओळ होती. मी बघितली, खोटं कशाला बोलू? पण मागं पन्नास पोरं ढकलाढकली करत होती.

"न्हाई तुझं नाव," म्हणालो. ती पिशवी उचलून स्टँडकडं गेली.

तय्यब आला, स्क्रीन बघितला, परत यादी मागवली. चौथ्यांदा पुरी आली. शेवटून सातवं नाव धम्मप्रियाचं! पाचच्या आत होकार भरला न्हाई तर सीट दुसऱ्याला जाणार होती, आणि साडेतीन झालते. तिचा फोन बंद. तय्यबनं गाडी काढली, मी मागं बसलो.

"शिव्या तरी घाल की रे!"

"भूकंपात अब्बा अम्मीला शोधत दवाखान्यात गेलते," तो म्हणाला. "गेटवरच्या जखमींच्या यादीत अम्मीचं नाव न्हाई. गेली समजून रडत परत आले. यादीचं दुसरं पान आत टेबलावर होतं. अम्मी आत दोन दिवस जगली, पंढरी. नर्सनं मागून सांगितलं, दारात कुणी आलं की विचारायची, माझ्या घरचं हाय का."

स्टँडवर नांदेडच्या एसटीत धम्मप्रिया खिडकीशी बसली होती. ड्रायव्हर चढत होता. तय्यब मागंच थांबला.

"तू सांग," म्हणाला.

मी खिडकीचा गज धरला. "पोरी, उतर. तुझं नाव हाय. मीच अर्धी यादी बघून न्हाई म्हणालो."