थंड खोलीतलं बटण

लोणी देवकरच्या एका दूध कारखान्यात कार्डावर उघडणारी दारं आणि धोक्याचे भोंगे सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. सणसरहून रोज स्कूटीवर जायचे.

एका सकाळी लोण्याची खोकी रचणाऱ्या मावशी थंड खोलीत अडकल्या. दाराचा आतला दांडा बर्फानं गच्च बसला होता आणि त्या जाड दारातून हाक बाहेर येत नव्हती. खोकी न्यायला कुणीतरी आलं म्हणून सापडल्या. उन्हात बसवून चहा दिला, तर कप हातात धरवेना.

दांडा लगेच दुरुस्त झाला. माझं समाधान होईना. आत बटण हवं होतं. दाबलं की कुलूप सुटेल आणि गेटवर भोंगा वाजेल असं.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, दारं आणि भोंगे चालवणाऱ्या पॅनेलमध्ये आणखी वायर जोडायला जागाच नाही. नवीन पॅनेल येईल तेव्हा बघू."

"तोवर मावशींनी आत जायचं कसं? जुन्याच पॅनेलला जादा वायरींसाठी जोडबोर्ड लावता येतो. मी लावते."

त्यांनी नाही म्हटलं नाही, तेवढं मला पुरे होतं. बारामतीहून बोर्ड आणला. पॅनेल काही केल्या त्याला ओळखेना. सगळ्या वायरी सोडवल्या, पुन्हा जोडल्या. मग लक्षात आलं, बोर्ड नवा आणि पॅनेलमधला प्रोग्रॅम जुना. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो टाळत राहिला, मी लावत राहिले. अखेर वैतागून त्यानं नवा प्रोग्रॅम पाठवला आणि बोर्डावर हिरवा दिवा लागला.

थंड खोलीत बटण बसवलं आणि मावशींना बोलावलं.

"मी न्हाय आत जायची. आधी तुमी जावा."

गेले. मागं दार बसलं आणि बाहेरचा सगळा आवाज तुटला. नाकातला श्वास थंडीनं टोचायला लागला. बटण कुठं आहे हे माहीत असूनही हात घाईनं तिकडं गेला. कुलूप सुटलं, भोंगा वाजला, वॉचमन पळत आला.

मावशींनी स्वेटरची बटणं लावली. एकट्याच आत शिरल्या आणि दार स्वतः ओढून घेतलं. पहिला भोंगा ऐकून मॅनेजरही दाराशी आले होते. भोंगा वाजला तसं दार उघडून त्या सरळ मॅनेजरांसमोर आल्या.

"पल्याडच्या खोलीत माझी जाऊ काम करती. तितंबी बसवा."

मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं.

"बोर्डावर जागा आहे," मी म्हणाले आणि ड्रिल उचललं.