‘निद्रिस्त’ हा शब्द

सुशीला मेली, त्याला आज एक वर्ष झाले.

हा शब्द मी अनवधानाने लिहिलेला नाही. आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकवले. ‘निवर्तली’, ‘कालवश झाली’ हे पर्याय मला ठाऊक आहेत.

तिला ते चालले नसते, एवढेच.

आपल्यापैकी अनेकांना ती महाडच्या हॉस्पिटलमधील सिस्टर म्हणून आठवत असेल. तिचे दुसरे काम फार थोड्यांना माहीत होते.

पाळक होऊ इच्छिणारे तरुण धर्मशिक्षण संपवून आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत काही महिने प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी येत. ते ट्रेनिंग सुशीलाकडे असे.

उपदेश कसा करावा, हे ती शिकवत नसे. आजाऱ्याची कूस कशी बदलावी, चुलीवर भात असेल त्या घरी प्रार्थना आटोपती कशी घ्यावी, असे तिचे विषय.

मला तेव्हापासून एक कुतूहल आहे. याला कौशल्य म्हणावे की चारित्र्य? आणि चारित्र्य असेल, तर ते शिकवता येते का?

एकदा तिलाच विचारले.

“अहो, आधी अंघोळीला जा. पाणी निवतंय.”

नव्वदच्या दशकात योहान नावाचा उमेदवार आला. वाणी अत्यंत शुद्ध. मला तो फार आवडे, यात नवल नाही.

एके दिवशी पहाटे मुंबईहून फोन आला. आमच्या मंडळीतला सदा रातपाळीहून परतताना अपघातात गेला होता. मृतदेह घेऊन निघालेली गाडी संध्याकाळपर्यंत त्याच्या गावी, उमरठच्या वरच्या वाडीत पोहोचणार होती.

घरी त्याची आई एकटी. भागीआई. ती मंडळीतली नव्हती, तिचे देव वेगळे. वाडीत फोन नव्हता. गाडी येण्यापूर्वी तिला कळवणे भाग होते.

सुशीला ड्यूटीवर होती. माझी स्कूटर घेऊन योहान गेला.

दुपारी परतला, तेव्हा सुशीला नुकतीच घरी आली होती. सांगितलेस का, असे तिने विचारले.

सांगितले होते. आमच्या रीतीप्रमाणे. “सदा प्रभूमध्ये निद्रिस्त झाला.”

“मग? काय म्हणाली ती?”



“म्हणाली, निजूं दे रे त्याला. रातपाळी करून दमला आसंल.”

मग भागीआईने त्याला चहा दिला.

तो चहा पिऊन हा परत आला होता.

सुशीला रागावली नाही. युनिफॉर्मही न बदलता स्कूटरवर त्याच्या मागे बसली. मी म्हणालो, आता तूच सांग, तुझे हे रोजचेच काम आहे.

“माझं आहे ना? मग त्याचं कधी होणार?”

वाटेत तिने त्याला काय शिकवले असेल, हे मला पुढे अनेक वर्षे जाणून घ्यायचे होते. तिला विचारले की ती विषय बदलत असे. गेल्या वर्षी तिच्या दफनविधीला योहान आला. आता तो पाळक आहे, केस पिकले आहेत. त्याला विचारले.

“काहीच नाही, सर. पोलादपूरपर्यंत सुक्या मासळीचे भाव सांगत होत्या. दाराशी पोहोचल्यावर म्हणाल्या, वाक्य लहान ठेव. आणि बोलून झाल्यावर उठू नकोस.”

हे तर कौशल्य झाले. मी म्हणालो, पुढे?

त्याने भागीआईचा हात धरला.

“आई, सदा मेला.”



“मगाशी तर निजला म्हनलास.”

“मला धीर झाला नाही, आई.”

तिने त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या. सुशीला मागे उंबऱ्यापाशी उभी होती. ती पुढे आली नाही. योहान उठला नाही.

बऱ्याच वेळाने भागीआईच उठली. अंगण झाडले. लेकाला न्हाऊ घालायला चुलीवर पाणी ठेवले. कपाळाला चिमूटभर अंगारा लावला आणि चालू लागली.

गाडी आली तेव्हा ती वाडीखालच्या रस्त्यावर आधीच उभी होती. माणसे तिला बाजूला घेऊ लागली.

“सरा,” ती म्हणाली. “माझा हाय तो.”

सुशीला, तुला माझा अखेरचा नमस्कार.