आमचा संघ पुण्याला नेला तेव्हा

आमच्या गावचा कबड्डी संघ पुण्याला नेला, त्या दिवशी टेम्पोत सगळ्यांत आधी ढाली चढवल्या. खेळाडू नंतर. अध्यक्षाची दोन माणसं संघाच्या खोलीतलं कपाट उघडून एकेक ढाल वर्तमानपत्रात गुंडाळत होती आणि अध्यक्ष पांढरे बूट घालून कडेच्या फरशीवर उभा होता, मैदानाच्या मातीत पाय पडू नये म्हणून. ह्याच मातीत तो लहानपणी शेंबूड पुसत खेळलेला. पुढं पुण्यात इमारती बांधून मोठा झाला, संघाला गणवेश दिले, अध्यक्ष झाला, आणि एक दिवस संघच उचलला. त्या बुटांची मला जी शिसारी बसली ती अजून गेलेली नाही.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. ऊस आहे, आलं आहे, घराआड एक माणूस फौजेत आहे. पण ते आजूबाजूच्या सगळ्याच गावांत आहे. आमच्याकडं वेगळा होता तो संघ. मी मिरजेकडची, शाळेत असताना स्वतः कबड्डी खेळलेली. लग्न होऊन आले आणि पहिल्याच हंगामात मैदानावर जाऊन उभी राहिले, तर बायाबापड्यांनी तोंडाला पदर लावले. तेव्हा माझे थोरले दीर रेषेजवळून उठले, स्वतःच्या बुडाखालचं पोतं काढून मला अंथरून दिलं आणि पुन्हा मातीत बसून ओरडायला लागले. त्यानंतर मला कुणी काही बोललं नाही. दीर जुने खेळाडू, गुडघा गेल्यावर खेळ सुटला, पण शिकवायचं सुटलं नाही. माझा पोरगा त्यांना आबा म्हणतो. त्याला दम टिकवायला त्यांनी कालव्यात बुडवून शिकवलं आणि घोट्याला पकड बसली तर पाय कसा सोडवायचा तेही त्यांनीच.

गावाची एक रीत होती, दुधाची पाळी. स्पर्धेचा हंगाम सुरू झाला की रोज दोन घरांनी संघाच्या खोलीवर दूध पोचवायचं. ज्या घरातला पोरगा संघात नाही त्यांनीही. डेअरीला कमी गेलं तरी चालेल, पण खोलीवरच्या दुधात कुणी पाणी घातलं, तर त्या घराकडं वर्षभर कुणी विस्तवसुद्धा मागायला गेलं नसतं. लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' म्हणून भाऊबंदांची नावं छापतात, त्यांच्याखाली संघाचं नाव असायचं. फायनलच्या तारखेला कुणी लग्न धरत नसे, धरलंच तर नवरदेव सोडून बाकी वऱ्हाड मैदानावर असायचं.

माझ्या पोराला ह्या दुधानं वाढवलं, हे मी नाकारणार नाही. उंची मिळाली, अंगात वारं मिळालं. फौजेच्या भरतीत छातीला कमी पडला आणि परत आला, तेव्हा आठ दिवस जेवला नाही, नवव्या दिवशी मैदानात उतरला. चढाईला गेला की समोरचे सातही जण मागं सरकायचे. अध्यक्षानं संघाबरोबर त्याला पुण्यात नोकरी देऊ केली, राहायला खोलीही दिली. मला तोंडानं 'जाऊ नको' म्हणता आलं नाही आणि मनानं 'जा' म्हणता आलं नाही. माझा नवरा फौजेतून पेन्शनीत आलेला. त्याला ह्यात काही विशेष वाटलंच नाही. त्याच्या लेखी संघाची बदली झाली होती. ऑर्डर आली की बिस्तरा बांधायचा, एवढंच त्याला आयुष्यभर माहीत. मी त्याला म्हटलं, बदली शिपायाची होते, गावाची नाही होत. तो ट्रंकेवर सुपारी कातरत बसला.

महिन्याभरात एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. संघाला नवं इंग्रजी नाव, त्यावर आयाळवाला कुठला तरी प्राणी दात विचकतोय. आमच्या शिवारात बिबट्या फिरतो, पण हे ध्यान कुणी बघितलेलं नव्हतं. गावाचं नाव कुठंच नाही, अगदी खाली बारीक अक्षरातसुद्धा नाही. अध्यक्षाचा फोटो मात्र प्राण्याच्या दुप्पट, आणि त्याच्या पायाशी ओळीनं आमच्या पोरांची तोंडं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर शेण होतं. मी ते बघितलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. फक्त जवळ जाऊन बघितल्यावर कळलं की शेण मारणाऱ्यानं नेम धरून मारलं होतं. अध्यक्षाचा फोटो तसाच चकचकीत होता. शेण सगळं खेळाडूंच्या तोंडांवर.

तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. देवळात बैठक भरली. बाया मागं खांबांना टेकून बसलेल्या. तासभर जी भाषणं झाली, त्यात अध्यक्षाचं नाव कुणाच्या ओठावर आलं नाही. कसं येणार? कुणाचा भाचा त्याच्या साइटवर सुपरवायझर, कुणाचा जावई त्याच्या गाड्यांवर, आणि ज्या सभामंडपात हे बसले होते तो त्यानंच बांधून दिलेला. शिव्या खाल्ल्या त्या पोरांनी. दूध पिऊन उलटली, माजली, पुण्याच्या हवेला भुलली. शेवटी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायचं ठरलं, त्या संघाचा खेळ आयुष्यात बघायचा नाही म्हणून. एकेका घरातला कर्ता पुढं येऊन परडीत हात घालत होता. सगळ्यांत पहिला हात माझ्या थोरल्या दिरांचा.

"जो गाव सोडून खेळला, त्याला गाव न्हाई," ते म्हणाले. आमच्याकडं न बघता.

माझ्या नवऱ्याचा नंबर आला तेव्हा तो उठला, देवाला नमस्कार केला आणि चपला घालून बाहेर पडला. मी त्याच्यामागून निघाले, तेव्हा माझ्यासाठी वाट करून देणाऱ्या बायांनी पाय जरा जास्तच आवरून घेतले.

उघड वाळीत टाकलं असं नाही. तसं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. लोक बोलायचे, पण हातचं राखून. वेशीजवळच्या भिंतीवर संघाचं चित्र रंगवलेलं होतं, त्याच्यावर चुना फासला. चुना निघाला पातळ, त्यामुळं पोरांचे चेहरे धुक्यात उभे राहिल्यासारखे दिसत राहिले, आणि रोज दळण घेऊन जाताना मला ते बघावं लागायचं. मग जत्रा आली. अध्यक्ष आला, नवे पांढरे बूट. ज्या हातांनी भंडारा उचलला त्याच हातांनी त्याला फेटा बांधला, हार घातला, आणि त्यानं माइकवर गावच्या मातीचं ऋण की काय ते सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. माझा पोरगा त्याच जत्रेला येणार होता. दिरांनी निरोप धाडला की त्यानं पालखीला खांदा द्यायला येऊ नये, लोकांना आवडणार नाही. मी त्या रात्री केलेल्या पोळ्या म्हशीपुढं टाकल्या. ह्या माणसांचा मला वीट आला होता, आणि राहायचं ह्यांच्यातच होतं.

मग सांगलीच्या स्पर्धेची बातमी आली. उपांत्य सामना लागला तो आमच्या, म्हणजे आता पुण्याच्या संघाचा आणि नदीपलीकडच्या गावाचा. हे नदीपलीकडचं गाव म्हणजे आमचा जन्माचा वैरी. त्यांच्या मुली आम्ही करतो, त्यांना मुली देतो, पण मैदानावर त्यांचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं लहानपणापासून शिकवतात.

आणि काय आश्चर्य, त्या आठवड्यात गावाला एकदम मिरजेचे दवाखाने आठवले. एकाचा गुडघा, एकीची कंबर, एकाच्या छातीत उगाचच धडधडायला लागलं. थोरले दीर मोतीबिंदू दाखवायला निघाले. मिरज माझं माहेर म्हणून लोक मलाच विचारायला यायचे, हाडांचा चांगला कोण, डोळ्यांचा कोण. मी सरळ तोंडानं पत्ते सांगायची. सगळ्यांना नेमकी त्याच दिवशीची वेळ मिळाली होती, ह्याचं मी कुणाला नवल बोलून दाखवलं नाही.

सांगलीत आम्ही दोघं जाऊन बसलो. मातीचा मागमूस नाही, निळी-पिवळी मॅट, कानाचे पडदे फाडणारा डीजे, आणि एक निवेदक हिंदी-इंग्रजीत ओरडून लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगत होता. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. मी मागं वळून बघितलं तर वरच्या पायऱ्यांवर अख्खं गाव बसलेलं. गुडघेवाले दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते. आधी सगळ्यांनी मला न बघितल्यासारखं केलं. मग शेजारच्या घरची जाऊबाई खाली आली, माझ्याजवळ टेकली आणि आपण होऊन खुलासा करायला लागली.

"आमी त्यांचा खेळ बघाया न्हाई आलो. ह्यांचा बघाया आलोय," तिनं नदीपलीकडच्या संघाकडं बोट केलं. "शपथ मोडली न्हाई कुणी."

म्हणजे देवालाही ह्यांनी गुंडाळलं होतं. मी तिला शेंगा दिल्या नाहीत, पिशवीत होत्या तरी.

खेळ सुरू झाला. पोरगा मैदानात आला. अंगावर तो दात विचकणारा प्राणी, पण चाल तीच, डावा खांदा जरा खाली टाकून. पहिल्याच चढाईत त्यानं एक गडी टिपला आणि मी उभी राहिले. मागं शांत. त्याच्या दुसऱ्या चढाईच्या आधी वरून आवाज आला, "धरा त्याला!" आमच्याच गावचा आवाज. मग दुसरा, मग तिसरा. नदीपलीकडच्यांनी गडी बाद केला की आमचं गाव नाचायला लागलं. त्या गावची माणसं आमच्या उजव्या हाताला बसली होती, त्यांनाही ते चमत्कारिक वाटलं असावं. त्यांच्यातला एक म्हातारा वर वळून म्हणाला, "आरं, तुमी कवापास्नं आमचं झालासा?" तो म्हातारा नंतर पुढं तोंड करून गप्प बसला, आणि मला त्या दिवशी तेवढा एकच माणूस बरा वाटला.

शेवटची मिनिटं, गुण जवळजवळ बरोबरीत. पोरगा चढाईला गेला. मध्यरेषेवरून आत, डावीकडं, बोनसची रेषा ओलांडली आणि परत फिरताना त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. त्यानं पाय फिरवला, आबांनी शिकवला तसाच. पण मॅटवर बूट अडकला. पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. वरून तिघं पडले. मला तिथून त्याचं तोंड दिसलं, उघडं, आवाज नसलेलं. त्याचा गुडघा गेला हे खेळलेल्या कुणालाही तिथं बसून कळलं असतं.

आणि वर टाळ्या पडल्या. सगळे उठून उभे. मी वळून बघितलं तर थोरले दीर सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते. त्यांचा स्वतःचा गुडघा असाच गेलेला. त्यांना तर आमच्या सगळ्यांआधी कळलं असणार. मी पदर तोंडाला लावला. अध्यक्षाची किळस मला सोसत होती, तो पहिल्यापासून तसलाच. ह्या माणसांनी मला पोतं अंथरून दिलं होतं. माझा नवरा, ज्याला आयुष्यात कशाचंच काही वाटलं नाही, तो उठला, वर एकदा नीट बघितलं आणि मला म्हणाला, "चल."

पोराला आतल्या खोलीत बाकावर झोपवलं होतं. बर्फाची पिशवी कुणीतरी ठेवलेली, ती घसरत होती. डॉक्टर म्हणाले गुडघ्याचा फोटो काढावा लागेल, मिरजेला नेऊ. अध्यक्ष दारातून डोकावून गेला, किती दिवस लागतील ते डॉक्टरांना विचारलं, पोराला नाही. नवरा गाडीचं बघायला बाहेर गेला. मी पिशवी धरून बसले. बाहेर डीजे पुन्हा सुरू झाला होता.

पोरगा छताकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, "आई, आपल्या गावचं कोण आलंतं का गं?"

मला सांगायचं होतं. जिभेवर आलेलं होतं सगळं, एकेकाच्या गुडघ्याकमरेसकट. पण त्याचा चेहरा बघितला आणि मी ह्या माणसांवर कधी करणार नव्हते ते उपकार केले.

"न्हाई," मी म्हटलं. "कोण न्हाई आलं. समद्यांनी शपथ पाळली."

त्यानं डोळे मिटले. सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला असं पडलेलं आबांस्नी सोसलं नसतं."